वीतभर माती

पाळलेल्या जीवांना आणि घरातल्या वस्तूंनाही बोलता येत होतं आणि मालकांना ते ऐकू येत होतं, त्या काळची ही गोष्ट. हंबीररावांनी रानातल्या बिळातून एक केसाळ टॅरंटुला कोळीण धरून आणली आणि तिच्यासाठी पुरुषभर उंच काचेची पेटी करवून घेतली. तळाला गुळगुळीत गोटे, वर झुंबर.

कोळिणीने गोटे उकरून पाहिले, हाती काही लागेना. ती म्हणाली, "मालक, मला उंची नको, वीतभर माती द्या. बीळ करून राहीन. उंचावरून पडले तर माझं पोट फुटेल."

"मातीत शिरलीस, तर पाहुण्यांना काय दाखवू?" हंबीरराव हसले.

"माझ्यात राहायला नशीब लागतं, बाई," पेटी तोऱ्यात म्हणाली.

मग अंधाराचा कोपरा शोधत कोळीण रोज काच चढू लागली. पाहुण्यांना ती कसरत वाटायची, ते टाळ्या वाजवायचे. एका दुपारी झुंबरापाशी तिचा पाय सुटला. गोट्यांवर आपटली ती उठलीच नाही.

हंबीररावांचे डोळे भरून आले. माळ्याला बोलावून ते म्हणाले, "खड्डा चांगला वीतभर खोल खण. तिला मातीची फार हौस होती."