कोरं केलेलं पुस्तक

“सगळी पानं तूच पुसलीस?” हेर्लेकर सरांनी विचारलं.

मी हो म्हटलं. जरा ऐटीतच.

जुई दुपारी झोपते तो पाऊण तास, असे सहा दिवस मी एकेक पान खोडरबरानं साफ केलं होतं. बाळाच्या बाटल्या उकळून उकळून हाताला सवयच लागली आहे. काहीही दिसलं की स्वच्छ करायचं.

सरांनी पुस्तक चाळलं. मिटलं. परत चाळलं…

मग माझ्यापुढे सरकवलं.

ते पुस्तक टेबलावरच्या संगणकाचं होतं. चौऱ्याऐंशी सालचं यंत्र, त्याच्याबरोबर आलेलं मूळ माहितीपुस्तक. दुसरी प्रत कुठेच मिळत नाही. सर पुढच्या आठवड्यात सांगली सोडून बेळगावला लेकीकडे कायमचे चालले होते आणि तिच्या फ्लॅटमध्ये या यंत्राला जागा नव्हती. ते कुणाला द्यायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

मागणारे दोघं. एक मी. बाळंतपणाचे महिने सोडले तर तीन वर्षं दर शनिवारी सरांकडे जुनी यंत्रं दुरुस्त करायला शिकणारी. दुसरे पुण्याचे एक संग्राहक. त्यांच्याकडे अशी चाळीस यंत्रं काचेच्या कपाटांत आहेत म्हणे. ते बघायला आले तेव्हा पुस्तक उघडून त्यांनी नाक मुरडलं होतं. यंत्राइतकंच पुस्तकाला मोल असतं, पण ते कोरं हवं, हे तर पेन्सिलीनं भरलंय, म्हणाले.

ते माझ्या डोक्यात बसलं. सरांनी आठवडाभर पुस्तक घरी नेऊ दिलं, तेव्हा मला वाटलं, आता कोरं करून दाखवतेच…

सरांचे दोन नियम होते. यंत्राला हात लावण्याआधी त्याचं पान मोठ्यानं वाचायचं, ओळीखाली बोट ठेवून, पाठ असलं तरी. आणि पुस्तकात टिपण लिहून खाली तारीख घालायची ती फक्त ज्याचं यंत्र त्यानं. आम्ही शिकणाऱ्यांनी नुसतं वाचायचं.

“चालू कर,” सर म्हणाले.

या यंत्राला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. मी घड्याळाकडे पाहिलं. सासूबाईंना दीड तास सांगून आले होते, त्यातला एक संपला होता. जुई उठली असेल. रडत असेल. की माझ्यावाचून मजेत असेल, हे त्याहून वाईट.

मुख्य चिप सरांनी साफ करायला आधीच काढून डबीत ठेवली होती. ती बसवायची, की यंत्र तयार. तिच्या एका टोकाला छोटी खाच असते. ती कोणत्या बाजूला येते ते पुस्तकात बघायचं. उलटी बसली तर चिप जळते आणि तशी चिप आता जगात शोधून सापडत नाही.

मी पान काढलं. चित्र स्वच्छ दिसत होतं, माझ्या कृपेनं. खाच डावीकडे.

मी तशी बसवली. मागे हात नेऊन बटणावर बोट ठेवलं.

“वाचलंस?”

घाईत वाचायचं राहिलं होतं. ओशाळून मी पुस्तक पुढे ओढलं आणि चित्राखालच्या ओळीवर बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागले.

बोट अडखळलं.

कागद तिथे खडबडीत होता. मला आठवलं, याच पानाला सगळ्यात जास्त वेळ लागला होता. कुणीतरी फार दाबून लिहिलं होतं.

“सर, इथं काहीतरी होतं.”

“काय होतं?”

“…वाचलं नाही.”

“सहा दिवस पुस्तक तुझ्याजवळ होतं.”

“हो.”

वाचत बसले असते तर पुसून झालं नसतं, हे मी मनात म्हटलं आणि मलाच ते भयंकर वाटलं. घरी बाळाच्या संगोपनावरची तीन पुस्तकं आहेत, कोरी करकरीत. रात्रंदिवस वाचते. त्यातलं एकही जुईनं वाचलेलं दिसत नाही.

सरांनी खिशातली पेन्सिल दिली.

मी ती आडवी धरून पानावर हलक्या हातानं फिरवली. करड्या पट्ट्यात पांढरी अक्षरं उठू लागली.

‘चित्र उलटं छापलंय. खाच उजवीकडे. एक चिप जाळली. २ ऑगस्ट १९८६.’

अक्षर सरांचंच.

मी बटणाकडे बघितलं.

“दाबलं असतं तर?”

सरांनी मूठ वर केली. यंत्राचा प्लग त्यांच्या हातात होता. केव्हा काढला, मला कळलंही नव्हतं.

चिप फिरवून बसवायला तीन वेळा घाम पुसावा लागला. सरांनी प्लग लावला. मी बटण दाबलं. बराच वेळ काहीच नाही… मग काळ्या पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकू लागला.

मला आनंद झाला नाही. अडतीस वर्षांचं लिखाण मी पुसून टाकलं होतं.

“पुण्याच्या त्या गृहस्थांनाच द्या, सर,” मी म्हटलं. “फक्त त्यांना सांगा, शेवटचं पान खराब आहे. जुईनं खडू ओढलाय. तो काही केल्या निघाला नाही.”

सरांनी शेवटचं पान उघडलं. लाल रेघ पानभर आडवी गेली होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ते ती बघत राहिले. चष्मा काढून पुन्हा बघितली.

“किती महिन्यांची?”

“सोळा.”

पुस्तक त्यांनी माझ्याकडे वळवलं. पेन्सिल अजून माझ्याच हातात होती.

“तारीख घाल.”