न घासणारी साखळी

सन २००९. वैशाख महिना, अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस. वाकसरीच्या एसटी स्टँडसमोर आबासाहेब खर्डेकरांनी फटफटी उभी केली आणि ओरडले, "इलाही! बाहेर ये!"

इलाही मिस्त्री गॅरेजमधून बाहेर आला. मागोमाग त्याची मुलगी जुबेदा, हातात पान्हा घेऊन.

आबासाहेबांचं शुभ्र धोतर डाव्या पायावर काळं झालं होतं. "बघ! साखळीला तेल पाजलंस, ते माझ्या अंगावर ओकली!"

"तेल लागतंच, आबासाहेब. नाहीतर साखळी घासते."

"धोतरावर शिंतोडा नको आणि घासणंही नको! या फटफटीत कुठंही काही घासलेलं मला चालणार नाही. उद्या सकाळपर्यंत कर, नाहीतर माझा गाळा रिकामा कर!"

इलाहीनं वळून गॅरेजकडं पाहिलं. वीस वर्षं तो त्याच गाळ्यात होता.

जुबेदा म्हणाली, "करते. जमलं तर गाळा आमचा?"

"तुझा! खर्डेकरांचा शब्द आहे."

जुबेदा तालुक्याला गेली. नवी साखळी आणून तिनं रात्रीच्या आत बसवली. हिच्या सांध्यासांध्याला बारीक रबरी रिंगा होत्या. ग्रीस आत कोंडलेलं, बाहेर यायला वाट नाही.

सणाच्या सकाळी आबासाहेब नवं धोतर नेसून आले. चाक हातानं फिरवलं आणि गरजले, "ही तर जड फिरते! जुनी हलकी होती. म्हणजे ही जास्तच घासते!"

"रबर घासतं थोडं," जुबेदा म्हणाली, "खोटं कशाला बोलू? पण लोणच्याच्या बरणीला फडक्याचा दादरा घट्ट बांधतो, तो सोडायला त्रास पडतो म्हणून बरणी उघडी ठेवता का? आतलं ग्रीस आत राहतं. धूळ शिरत नाही. शिंतोडा उडत नाही."

"लोणचं मला शिकवू नकोस! कुठंही घासायचं नाही म्हणालो होतो. कुठंही!"

"मग तेही केलंय. बसा."

दारातल्या फरशीवर तिनं साबणाचं दाट पाणी ओतलं होतं. गाडी स्टँडवरून उतरवली, तसं मागचं चाक नेमकं त्यावर टेकलं. बापलेकीनं गाडी दोन्हीकडून धरली. आबासाहेबांनी गिअर टाकला, मूठ पिळली. चाक गरगर फिरलं. फटफटी तसूभर हलली नाही!

"पुढं का जाईना?"

"रस्ता घासत नाही ना चाकाला! तुमचाच हुकूम."

स्टँडवरची माणसं हसू लागली. आबासाहेब लाल झाले.

जुबेदानं पान्हा उचलला. "आता राहिला ब्रेक. तोही फार घासतो बघा. काढू? पुढं देवळाचा उतार आहे, एका दमात पोचाल!"

आबासाहेबांनी ब्रेकवर पाय घट्ट रोवला. "नको गं बाई! ब्रेक घासू दे!"

आणि मग ते स्वतःच असे हसले, असे हसले, की टोपी फेसात पडली.

तिसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन त्यांनी गाळा जुबेदाच्या नावावर करून दिला.