सोसाट्याची शिकवणी

एका संस्थानात माणकोजी नावाचा एक चाबुकस्वार होता. चाबुकस्वार म्हणजे घोडे शिकवून तयार करणारा माणूस. पण माणकोजीच्या हातात चाबूक क्वचितच असे. त्याच्या अंगरख्याच्या खिशात गुळाचे खडे असत आणि डोक्यात युक्त्या. गूळ घोड्यांसाठी होता. युक्त्या मात्र कशासाठी आहेत हे त्याचं त्यालाही आधी ठाऊक नसे. एखाद्या दुकानदारानं नवी कातर आणली की तो चांगला रुमालही कापून बघतो, तशातली गत. युक्ती सुचली की ती वापरल्यावाचून माणकोजीला चैन पडत नसे.

संस्थानचे राजे उन्हाळ्यात डोंगरावर राहायला जात. राजांमागे दरबार, दरबारामागे मुदपाकखाना आणि सगळ्यांच्या मागे धापा टाकत दोन पागा. थोरली पागा माणकोजीकडे, धाकटी येसबाकडे. डोंगरावरचा उन्हाळा म्हणजे शर्यतीच्या घोड्यांचा हंगाम. पठारावरची माती खुरांना मऊ, सकाळचा वारा गार. तांबडं फुटायच्या आधीच माणकोजी पागेत हजर. प्रत्येक घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बघायचा. पायाच्या नळ्या चाचपायच्या. पिण्याचं पाणी सावलीत आहे ना, खरारा नीट झाला ना, सगळं स्वतः बघायचं. उन्हाळ्यात भिजवलेले हरभरे लवकर आंबतात, म्हणून घोड्यांची चंदी तो आधी स्वतः चाखायचा.

त्याची बायको सगुणा म्हणायची, "घरची आमटी कधी एवढ्या मन लावून चाखली नाहीत!"

हे सगळं तो फार चांगलं करी. तेवढंच करून थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

झालं असं, की दोन्ही पागांवर एक म्हातारे मुख्य होते. त्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी कायमची रजा घेतली. राजांनी दोन्ही चाबुकस्वारांना बोलावून घेतलं.

"वैशाख संपेल त्या दिवशी दोन्ही पागांचा एकेक घोडा पळवा," राजे म्हणाले. "ज्याचा घोडा पुढे, तो दोन्ही पागांचा मुख्य. दुसऱ्यानं त्याच्या हाताखाली काम करायचं. कुरबुर चालणार नाही."

माणकोजीला त्या दिवशी घास उतरेना. वीस वर्षं तो येसबाला "काय धाकटी पागा, बरं आहे ना?" अशी हाक मारत आला होता. उद्या त्याच येसबाला मुजरा करायचा?

खरं म्हणजे भिण्यासारखं काही नव्हतं. माणकोजीकडे सोसाट्या होता. गडद तांबूस रंगाचा, लांब पायांचा, पळायला लागला की शेपटी मागे राहते की काय असं वाटावं असा. येसबाकडे साळू नावाची घोडी. दिसायला साधी, पळायला बरी, खायला उत्तम. माणकोजीनं सोसाट्याला नुसतं रोज पळवलं असतं तरी काम झालं असतं. पण नुसतं पळवण्यात युक्ती कुठे होती?

हंगामात एकमेकांच्या घोड्यांची सकाळची रपेट चोरून बघायची, हा दोन्ही पागांचा जुना रिवाज होता. येसबाचे दोन मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे गडी, करवंदीच्या जाळीत लपून बसत. लपत चांगले, पण परत निघताना दोघांची तोंडं जांभळी असत. त्यामुळे ते कुठे बसले होते हे साऱ्या डोंगराला कळे.

माणकोजीनं त्यांना बघितलं आणि त्याच्या डोक्यात दिवा लागला. त्यानं आपला स्वार लिंबाजी याला बाजूला घेतलं. लिंबाजी अंगानं काटकुळा, जिभेनं धारदार.

"लिंबाजी, उद्यापासून सोसाट्याला बत्ताशीबरोबर पळवायचं."

बत्ताशी म्हणजे घाटातून चंदीची पोती वर आणणारं तट्टू. पांढरी, गोल आणि आपल्याच विचारात असलेली.

"वस्ताद, बत्ताशी पळते?" लिंबाजीनं विचारलं.

"चालते जोरात. आणि हे बघ, सोसाट्यानं तिच्या मागं राहायचं. पुढं जायला लागला की लगाम खेच. मागं राहिला की थोपट. वरून मी गूळ देतो."

"म्हणजे थोरल्या पागेचा घोडा पोती वाहणाऱ्या तट्टाकडून हरणार? रोज? वस्ताद, मला तोंड दाखवायला गावात जागा राहील का?"

"अरे, हीच तर गंमत आहे! जाळीतले दोघं जाऊन सांगतील, सोसाट्या संपला म्हणून. येसबा गाफील राहील, साळूला खाऊ घालत बसेल. आणि शर्यतीच्या दिवशी आपण एकदम सोडायचा!"

लिंबाजीनं टोपी डोळ्यांवर ओढली आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केलं.

पहिले चार दिवस सोसाट्याला काही समजेना. तो झेपावायचा, लिंबाजी लगाम खेचायचा. पाचव्या दिवशी त्यानं बत्ताशीच्या शेपटीमागून एक फेरी केली आणि त्याला गुळाचे दोन खडे मिळाले. सहाव्या दिवशी तीन. घोडा हुशार होता. आठवडाभरात लगामाला हात लावायची गरज उरली नाही. बत्ताशी दुडक्या चालीनं पुढे, हा तिच्या शेपटीमागे अदबीनं, आणि फेरी संपली की थेट माणकोजीच्या खिशात तोंड.

खरी रपेट माणकोजी दुपारी घ्यायचा. ऊन चढलं, जाळीतले दोघं जेवून घोरायला लागले, की पठाराच्या पलीकडे सोसाट्याला एकट्याला सोडायचा. एकट्यानं पळताना सोसाट्या असा सुटे की लिंबाजीची टोपी रोज मागे राही. ते बघून माणकोजी मांडीवर थाप मारून हसायचा. येऊन सगळं सगुणेला सांगायचा.

एकदा ती म्हणाली, "अहो, हे सोंग आहे हे तुम्हाला ठाऊक, लिंबाजीला ठाऊक. त्या घोड्याला सांगितलंत का कुणी?"

"घोड्याला काय सांगायचं?"

"तेच विचारतेय मी," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

माणकोजीला ते बायकी बोलणं वाटलं.

इकडे जाळीतले दोघं जाऊन येसबाला म्हणाले, "आता दमू नका. तो घोडा तट्टाला हरवू शकत नाही."

येसबा म्हणाला, "तो कसाही पळो. साळूला जेवढं अंतर पळायचंय तेवढंच पळायचंय ना? काढा तिला बाहेर." आणि ते ऐकून तो गप्प बसला असता तर येसबा कसला! संध्याकाळी ओव्याची पुरचुंडी घेऊन तो थोरल्या पागेत आला.

"माणकोजीराव, सोसाट्याचं पोट बिघडलंय म्हणे. गुळात कालवून द्या. एवढा गुणी घोडा, जीव हळहळला."

माणकोजीनं पुरचुंडी घेतली, तोंड पाडलं, एक सुस्कारा सोडला. येसबा गेल्यावर चंदीच्या पोत्यावर पडून तो इतका हसला की पोतं फाटलं.

असे चाळीस दिवस गेले.

शर्यतीच्या दिवशी पठारावर मांडव पडला. राजे, राणीसाहेब, दरबारी, सगळं गाव. माणकोजी नवा फेटा बांधून मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला. निशाण पडलं. साळू निघाली. तिच्यामागून सोसाट्या निघाला तो वाऱ्यासारखा, चार ढांगांत त्यानं तिला गाठलं.

आणि तिच्या शेपटीमागे जाऊन चिकटला.

"सोड!" माणकोजी ओरडला. लिंबाजीनं लगाम कधीच सोडला होता. टाचा मारल्या, मान थोपटली, ओरडून घसा फोडला. सोसाट्याला वाटलं, आज शाबासकी जरा जास्तच मिळतेय. त्यानं कान टवकारले, चाल आणखी नीटनेटकी केली आणि साळूच्या शेपटीपासून तसूभर ढळला नाही. घोडी जोर करी तसा तो जोर करी, घोडी दमे तसा तो दमून घेई. एवढ्या शिस्तीत हरलेला घोडा त्या पठारानं पूर्वी बघितला नव्हता.

फेरी संपली. लिंबाजी वळवत असतानाही सोसाट्या सरळ मांडवाकडे आला आणि भर दरबारात त्यानं माणकोजीच्या खिशात तोंड खुपसलं.

राजे ताडकन उठले. "हरून आलाय आणि वर गूळ मागतोय? तट्टाकडून हरतो असं ऐकत होतो, ते खरंच निघालं! उद्यापासून याला पाण्याच्या गाड्याला जुंपा. डोंगर चढून पाणी आणू दे. आणि दोष कुणाचा, माणकोजी? घोड्याचा की स्वाराचा?"

लिंबाजी मान खाली घालून उभा राहिला. माणकोजीच्या डोक्यात एकदम तीन उत्तरं तयार झाली. ऊन फार होतं. स्वार कच्चा निघाला. घोड्याचं पोट बिघडलंय, वाटल्यास येसबाला विचारा, त्यानंच ओवा दिला. तिन्ही उत्तरं खपण्यासारखी होती. पण पाण्याच्या गाड्याला जुंपलेला घोडा त्या घाटात दोन वर्षंही टिकत नाही, हे माणकोजीला पक्कं ठाऊक होतं. आणि सोसाट्या खिसा हुंगत होता. आपण सगळं बरोबर केलंय अशी त्याची पुरती खात्री होती.

माणकोजीनं फेटा काढला.

"सरकार, घोडा निर्दोष आहे. स्वारही. चाळीस दिवस मीच त्याला मागं राहायला शिकवलं. येसबाला फसवायला."

राजांनी डोळे बारीक केले. "तुझ्या युक्त्या मला ठाऊक आहेत. ही एक नवी. घोडा वाचवायला खोटं बोलतोस."

आता आली का पंचाईत! आयुष्यात पहिल्यांदा माणकोजी दरबारात निव्वळ खरं बोलला होता, आणि तेच कुणाला पटेना.

"सरकार, बत्ताशीला आणा," तो हात जोडून म्हणाला. "दोघांना पळवा. सोसाट्या तिच्या पुढं गेला तर मी खोटा. मग त्याला गाड्याला जुंपा आणि शेजारी मला."

बत्ताशी मांडवामागे आंब्याच्या पानांचं तोरण खात होती. तिला ओढून आणलं. पाठीवर खोगीरही नव्हतं. निशाण पडलं. बत्ताशी निघाली. सोसाट्या तिच्या मागे, लगाम मोकळा.

चाळीस दिवस ज्या माणसानं घोडा जिंकावा म्हणून रक्त आटवलं, तो आता डोळे मिटून पुटपुटत होता, "हर रे बाबा, हर. माझ्या राजा, आज पुढं जाऊ नकोस."

अर्ध्यावर बत्ताशीला कुणाच्या तरी हातातून पडलेलं केळ्याचं साल दिसलं. ती थांबली. सोसाट्याही थांबला. ती साल खाईपर्यंत तो मागे उभा राहिला, इकडेतिकडे न बघता. समोर सगळं मैदान मोकळं होतं. गर्दीतून कोणी "जा की लेका!" म्हणून ओरडलं, पण सोसाट्या जागचा हलला नाही. बत्ताशीनं दुसरं साल शोधलं, मिळालं नाही, मग ती निघाली. सोसाट्याही निघाला.

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. दरबारी आधी राजांकडे बघत होते. राजे हसले तेव्हा तेही पोट धरून हसू लागले.

"चाळीस दिवसांत घोड्याला एवढं पक्कं शिकवणारा माणूस मी पाहिला नाही," राजे डोळे पुसत म्हणाले. "आणि एवढं उलटं शिकवणाराही. घोडा पागेत राहील. पण शब्द तो शब्द. मुख्य येसबा. येसबा, याचं काय करायचं ते तू सांग."

माणकोजीनं येसबासमोर जाऊन मुजरा केला. येसबाच गोंधळला. त्यानं माणकोजीचे हात धरून खाली केले.

"माणकोजीराव, शिकवण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही," तो म्हणाला. "उद्यापासून रोज साळूला घेऊन जा आणि सोसाट्याला तिच्या पुढं जायला शिकवा. चाळीस दिवस लागोत, चारशे लागोत."

"आणि तो पुढं गेला तर पुढच्या वर्षी तुमची घोडी हरेल, येसबा."

"हरली तर हरली. दोन्ही घोडे आता माझ्याच पागेत आहेत की हो!"

शिकवायला चाळीस दिवस लागले होते, विसरवायला मात्र पुढच्या वर्षीचा उन्हाळा उजाडला. रोज सकाळी सोसाट्या साळूच्या शेपटीमागे जाऊन शाबासकीची वाट बघे, आणि माणकोजी रिकाम्या हातानं उभा राही. शेवटी एका सकाळी, कुणी टाच मारली नसताना, सोसाट्या साळूच्या बाजूला आला, दचकला, त्यानं मागे वळून बघितलं, आणि सुटला. आपली घोडी मागे पडलेली बघून मैदानात सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडला तो येसबा. माणकोजी खिशातला गूळ चाचपत सोसाट्याच्या मागे धावत सुटला.

तात्पर्य: रोज वठवलेलं सोंग अंगवळणी पडतं आणि ऐन वेळी तेच पुढे येतं. म्हणून कसोटीच्या दिवशी जसं वागायचं असेल, तसंच एरवीही वागावं. आणि चूक आपली असेल तर ती ओझं करून दुसऱ्याच्या पाठीवर टाकू नये.