रिक्षा घुसेल म्हणून

ट्रक आणि लॉऱ्या बोलत असत तेव्हाची गोष्ट. शिलेदार नावाचा तरणाबांड ट्रक म्हाळू कुंभाराची मडकी घेऊन जत्रेला निघाला. म्हाळूचं वर्षभराचं पोट त्या मडक्यांवर होतं. त्यानं ती स्वतःच्या हातानं पेंढ्यात रचली आणि जागा धरायला तो पुढं गेला.

घाटाच्या उतारावर तुळजाई भेटली. ही बांबू भरलेली म्हातारी लॉरी. शिलेदार तिच्या पाठीला चिकटूनच चालला.

"पोरा, जरा मागं सर," तुळजाई म्हणाली.

"मावशी, फट ठेवली की रिक्षा घुसते."

"घुसू दे. रिक्षा काय तुझा रस्ता खाते?"

"माझी इज्जत खाते," म्हणत शिलेदार आणखी जवळ गेला.

वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. तुळजाई थांबली. शिलेदारानंही करकचून ब्रेक दाबला, पण पाठीवरचं ओझं त्याला पुढं रेटतच राहिलं. बांबूची टोकं काचेला टेकली, तेव्हा कुठं तो थांबला.

"ये, आतच ये," तुळजाई म्हणाली. "चहा टाकते."

मग मात्र तो अंतर ठेवून चालला. रिक्षा घुसली, टेम्पो घुसला, वऱ्हाडाची जीपसुद्धा घुसली. प्रत्येक वेळी तो निमूट मागं सरला.

उशीर झाला म्हणून म्हाळूनं जत्रेत त्याला शिव्या घातल्या. मग एकेक मडकं बोटानं वाजवून पाहिलं. सगळी खणखणीत वाजली. एकच बद्द वाजलं.

"हे कुठं तडकलं रे?"

"घाईत होतो तिथं."

म्हाळूनं ते मडकं बाजूला ठेवलं. "पुढच्या वर्षीही उशिराच ये," तो म्हणाला.