सापाच्या दारातला पाहुणा

फार पूर्वी, ग्रीक लोकांच्या समुद्रात जेव्हा बेटं जास्त आणि नकाशे कमी होते, तेव्हाची ही गोष्ट. एका लहानशा बेटावर एक राजपुत्र राहत होता. त्याच्या काकानं त्याच्या वडिलांना तळघरात कोंडून गादी बळकावली होती. राजपुत्र मोठा झाला आणि भर दरबारात काकासमोर उभा राहून म्हणाला, "माझ्या वडिलांना सोडा."

काका हसला. "सोडतो की! पूर्वेच्या टोकाला एका झाडावर सोन्याच्या लोकरीचं कातडं टांगलंय. तेवढं घेऊन ये. पण हिवाळ्याच्या आत हं! तुझ्या वडिलांचा खोकला काही बरा दिसत नाही."

त्या कातड्याची राखण एक प्रचंड साप करत असे आणि तो कधीच झोपत नसे. काकाला हे पक्कं ठाऊक होतं. पुतण्याचा परस्पर काटा निघेल, असा त्याचा बेत होता.

राजपुत्रानं गलबत सज्ज केलं आणि जिवाला जीव देणारे सोबती बरोबर घेतले. सुकाणूवर एक म्हातारा तांडेल होता. त्याचा हात भक्कम, पण जिभेला हाड नव्हतं. वादळं झाली, खडक चुकवले, पाणी संपत आलं, आणि शेवटी गलबत त्या किनाऱ्याला लागलं.

आता इथं राजपुत्राच्या बेटावरच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. कुणाच्याही दारात गेलं की आपल्या बुधल्यातल्या द्राक्षारसाचा पहिला घोट उंबऱ्यापाशी ओतायचा आणि म्हणायचं, "या घरच्या धन्याचं भलं होवो." घोट ओतला की आपण पाहुणे झालो. पाहुण्यानं यजमानावर हात उगारायचा नाही, मग आभाळ का कोसळेना! ही रीत तिथल्या लेकरांच्याही अंगवळणी पडलेली होती.

राजपुत्र झाडापाशी पोचला तेव्हा त्याचा घसा कोरडा पडला होता. समोर झाडाची दोन मुळं आडवी पसरली होती, अगदी उंबऱ्यासारखी. त्यानं पाणी प्यावं तसा सहज बुधला उघडला, पहिला घोट मुळांवर ओतला आणि तोंडातून आपसूक निघालं, "या घरच्या धन्याचं भलं होवो."

मागून तांडेलानं कपाळावर हात मारला. "अरे गाढवा! लढायला आलास की सोयरीक जुळवायला? झालास ना पाहुणा! आता ती तलवार काय चाटायची?"

अशा गोष्टींत पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत असेलच. आरोळी, तलवार आणि सापाचं मुंडकं. पण इथं फणा उगारलेला साप थबकला होता.

"भलं? माझं?" तो म्हणाला. "इथं येणारा प्रत्येक जण आधी शस्त्र काढतो. माझं भलं आजवर कुणी चिंतलं नाही."

राजपुत्रानं हात जोडले. "यजमान, खोटं बोलणार नाही. मी हे कातडं न्यायलाच आलो होतो. ते नेलं तर माझे वडील सुटतील. पण आता मी तुमचा पाहुणा झालोय. तुमच्यासाठी काही करू शकतो का?"

सापाचे डोळे लाल झाले होते. "झोप हवी रे," तो म्हणाला. "सूर्यदेवानं बजावलंय, यावरची नजर हलवू नको. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. फार थकलोय."

"मग झोपा. तुम्ही उठेपर्यंत राखण माझ्याकडे."

सापानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग भलंमोठं डोकं त्याच्या पायाशी टेकवलं आणि तो घोरायला लागला.

सोबती धावत आले. "उचल! चल!" ते कुजबुजले. "वारा चांगला आहे. हिवाळा तोंडावर आलाय. समुद्र खवळला की वर्षभर घर दिसायचं नाही!"

कातडं हाताच्या अंतरावर होतं. राजपुत्राला वडिलांचा खोकला आठवला आणि डोळे भरून आले.

"मी शब्द दिलाय," तो म्हणाला.

"शब्द सापाला दिलास," तांडेल म्हणाला, "आणि तळघरात बाप तुझा आहे, सापाचा नाही."

हे बोलणं काळजाला लागलं. तरी तो बुंध्याला टेकून बसून राहिला. उन्हं कलली, वारा पडला, किनाऱ्यावर गलबताचं शीड लोंबायला लागलं. सोबत्यांनी तोंडं फिरवली.

तिन्हीसांजेला साप जागा झाला. त्यानं आधी वर पाहिलं. कातडं जागेवर होतं. मग त्यानं राजपुत्राचे रडून सुजलेले डोळे पाहिले.

"न्यायला आला होतास ना? मग नेलं का नाहीस?"

"तुम्ही झोपला होता. आणि राखण मी घेतली होती."

सापानं शेपटीनं कातडं अलगद उतरवून राजपुत्राच्या मांडीवर ठेवलं.

"मला हे चोरांपासून राखायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "तू चोर नाहीस. घेऊन जा, माझीही सुटका झाली. उपकार तुझेच आहेत, पोरा. आज मला स्वप्न पडलं."

राजपुत्रानं सापाच्या डोक्यावर आपलं कपाळ टेकलं. वारा नाही तर नाही, साप म्हणाला, आणि इतकी वर्षं समुद्राची गाज ऐकून कळलेला एक प्रवाह त्यानं दाखवला. त्या प्रवाहानं गलबत हिवाळ्याच्या आत घरी पोचलं. सगळ्या वाटेत तांडेल एकदाच बोलला, "त्याला माझा नमस्कार सांगायचा राहिला."

काकानं भर दरबारात शब्द दिला होता, तो त्याला फिरवता आला नाही. तळघराचं दार उघडलं. म्हातारे वडील उजेडात डोळे मिचकावत बाहेर आले. त्यांची नजर कातड्यावर पडली.

"माझ्यासाठी कुणाचा जीव घेतलास रे?"

"कुणाचाच नाही, बाबा. ज्याच्याकडे होतं त्यानंच दिलं."

तळघरात एवढी वर्षं काढताना जो बाप एकदाही रडला नव्हता, तो मुलाला कवटाळून ढसाढसा रडला.

तात्पर्य एवढंच: आपल्यावर विश्वास टाकून जो निर्धास्त झोपला, त्याच्या उशाशी जागं राहणं हाच खरा पराक्रम.