ताण्यावरची मोकळी जागा

वाचकहो, आपण वयाने थोर असा वा लहान, ही हकीकत सर्वांसाठीच आहे, आणि ती फार फार पूर्वीची आहे. त्या काळी एका राज्यात, नदीच्या वळणावर, विणकरांचे एक गाव होते. गाव कसले, एक लांबच लांब गल्ली होती. आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून दिवसभर मागांचा खटखटाट ऐकू येत असे.

कापड विणण्यापूर्वी त्याचे उभे दोरे, ज्यांना ताणा म्हणतात, गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धरावे लागत आणि त्यांना भाताची खळ लावावी लागे. हे काम एकट्याचे नव्हे. म्हणून ज्याचा ताणा असे, तो आदल्या दिवशी दारोदार जाऊन "उद्या ताण्याला या" असे सांगे, आणि उजाडताच सारी गल्ली हजर होई. मात्र जो दुसऱ्याच्या ताण्याला गेला नाही, त्याने आपल्या ताण्याला कोणास बोलावू नये, असा तेथील दंडक होता. दंडक न्याय्य होता. निदान सर्वांना तसे वाटत असे.

त्या गल्लीत एक वृद्ध विणकर आपल्या पत्नीसह राहत असे. त्यांना मूलबाळ नव्हते. तो विणी आणि ती आडव्या दोऱ्याच्या कांड्या भरून देई. चाळीस वर्षांत त्याला कधी कांडी मागावी लागली नव्हती. हात पुढे केला की कांडी हातात येई.

एके दिवशी निळ्या दोऱ्याच्या कांडीतून मध्येच तांबडा दोरा निघाला. विणकराने तो मुकाट्याने उसवला. दुसऱ्या दिवशी तसेच झाले. पुढे ती चूल पेटवून विसरू लागली, मग वाट विसरू लागली, आणि एका सकाळी तिने पतीला पाट मांडून दिला व ती नम्रपणे म्हणाली, "पाहुणे, बसा. आमचे हे आता येतीलच. ते आल्यावर जेवूनच जा."

विणकराने विचारले, "दिसायला कसे आहेत तुमचे हे?"

"उंच आहेत. केस काळेभोर," ती लाजून म्हणाली. "आणि स्वभावाने अगदी हट्टी."

विणकर पाटावर बसला. त्या घरात त्या दिवशी दोघेही एकाच माणसाची वाट पाहत होती.

एकदा तो तिला बरोबर घेऊन शेजाऱ्याच्या ताण्याला गेला. ती ताणलेल्या दोऱ्यांमधून सरळ चालत गेली आणि दहा-वीस दोरे तुटले. कोणी तरी हसून म्हणाले, "काकूंना आज भांग चढली वाटतं!" सारे हसले. विणकरही हसला, आणि म्हणाला, "तिला हल्ली कमी दिसतं." तिचा हात धरून तो घरी आला व त्याने दार लावून घेतले.

त्यानंतर तो कोणाच्याही ताण्याला गेला नाही. तिला एकटी सोडता येत नव्हते, आणि बरोबर नेणे त्याला अपमानाचे वाटत होते; स्वतःच्या नव्हे, तिच्या. आणि ज्याअर्थी आपण कोणाकडे जात नाही, त्याअर्थी आपण कोणास बोलावू नये, हे त्याला निराळे सांगावे लागले नाही. ताणा नाही म्हणून कापड नाही. राजवाड्यात ज्याची वस्त्रे जात, तो आता अंगणात एकट्याला विणता येतील असे चार बोटे रुंदीचे नाडे विणू लागला.

गल्लीत बोलणे होऊ लागले. कोणी म्हणे, "म्हाताऱ्याला माज आला." कोणी म्हणे, "येत नाही तर न येवो. आपण का म्हणून जावं?" ताण्यावर त्याची ठरलेली जागा काही दिवस मोकळी राहिली, नंतर दोन्हीकडची माणसे जराशी सरकली, आणि ती दिसेनाशी झाली.

भिंतीपलीकडून कोणी विचारलेच, तर विणकर आतूनच उत्तर देई, "सर्व ठीक आहे." हे वाक्य तो इतक्यांदा बोलला, की पुढे पुढे कोणी विचारीनासे झाले.

अशी तीन वर्षे गेली. ती झोपत नसे, म्हणून तोही झोपत नसे. तिला भरवून झाल्यावर त्याला स्वतःच्या भुकेची आठवण राहत नसे. आधी त्याला रडू येई. मग तेही येईनासे झाले. ज्या मनात पूर्वी चिंता होती, तेथे आता नुसता थकवा उरला. आणि थकलेले मन माणसाला हळूच सांगू लागते, की तू नसलास तर कोणाचे काहीच अडणार नाही. हे खोटे असते. परंतु घरात दुसरा आवाज नसला, म्हणजे तेच खरे वाटू लागते.

एका सकाळी शेजारणीच्या घरचा ताणा गल्लीत लागला होता. दोऱ्यांना नुकतीच खळ लावली होती. त्या गडबडीत वृद्ध विणकर शेजारणीच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात मागावर आडवा दोरा फेकायचा त्याचा शिसवीचा धोटा होता.

"वहिनी, हा तुमच्या घरी राहू द्या," तो म्हणाला.

शेजारीण जिभेची तिखट होती. ती म्हणाली, "अगंबाई! भावजी, सूर्य कुठे उगवला म्हणायचा आज? आमच्या सासऱ्यांनी हाच धोटा मागितला, तेव्हा काय म्हणाला होतात? बायको मागा, पण धोटा मागू नका! जाऊबाई आठ दिवस बोलल्या नव्हत्या तुमच्याशी."

विणकर हसला नाही. "उद्या तिला तिच्या बहिणीच्या गावी पोहोचवतो," तो म्हणाला. "मग मी मोकळा."

"मोकळे होऊन कुठे जाणार?"

त्याने धोटा पुढे केला. शेजारणीने त्याच्याकडे नीट पाहिले. तीन वर्षांत प्रथमच कोणी त्याच्याकडे नीट पाहत होते. त्याचा सदरा उलटा होता आणि डोळे कोरडे होते.

त्या गावी मरणाचे नाव घेणे अशुभ मानीत. नाव घेतले की ते घर शोधीत येते, असा समज होता. तरीही शेजारणीने आवाज खाली आणून स्पष्ट विचारले, "भावजी, जीव द्यायचं मनात आहे का?"

विणकराने धोटा ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "होय."

तो शब्द तोंडातून बाहेर पडताच तो ओट्यावरच खाली बसला. शेजारीण त्याच्या शेजारी बसली. "असं कसं म्हणता," असे ती म्हणाली नाही. "देव आहे," असेही म्हणाली नाही. तिने त्याचा हात धरला, आणि तेथूनच मोठ्याने हाक मारली, "अहो! ताणा सोडा आणि सगळे इकडे या!"

तिचा पती तिकडून ओरडला, "वेड लागलं का तुला? खळ लावली आहे! आता सोडला तर दोरे एकमेकांना चिकटतील. सगळं सूत वाया जाईल!"

"जाऊ द्या वाया," ती म्हणाली. "सूत पुन्हा कातता येतं."

ओली खळ लावलेला ताणा अर्धवट सोडणे, ही गोष्ट त्या गल्लीत कधीही घडली नव्हती. पूर आला होता तेव्हाही माणसे गुडघाभर पाण्यात उभी राहून दोरे हलवीत होती. परंतु त्या सकाळी एकेकाने हातातले टोक खाली ठेवले. दोघी बायका विणकराच्या घरात गेल्या, आणि इतक्या दिवसांत आत काय चालले होते, ते त्यांनी पाहिले.

गल्लीतला सर्वांत वयोवृद्ध विणकर, ज्याचा शब्द सारे मानीत, तो काठी टेकीत आला व म्हणाला, "का रे, बोलावलं का नाहीस आम्हाला?"

"कोणत्या तोंडाने बोलावू, तात्या?" विणकर म्हणाला. "मी तुमच्या कुणाच्या ताण्याला आलो का?"

तात्यांनी मान खाली घातली. "आम्ही म्हणालो, याला माज आला," ते म्हणाले. "सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणालो."

मागे ऊन चढले, आणि ताणा वाळून कडक झाला. त्याकडे कोणी पाहिले नाही.

त्या दिवसापासून विणकराला एकटे ठेवले नाही. रोज कोणी ना कोणी त्याच्यापाशी बसे. वैद्याला आणले. वैद्याने नाडी पाहिली आणि सांगितले, "खांद्याचं हाड झिजतं, तसं मनही झिजतं. दोन्हींना दुखणंच म्हणतात. दुखण्याची लाज कसली?" त्याने औषध दिले व दर आठवड्याला येण्याचे ठरवले. पत्नीला सांभाळण्याच्या पाळ्या लागल्या. दुपारी ती बायकांमध्ये बसून कांड्या भरी. त्या चुकीच्या असत, आणि त्या बायका कोणाला न कळू देता त्या पुन्हा उकलीत. पहिल्या दुपारी विणकर असा झोपला, की दिवेलागणीला उठवावे लागले.

तिची स्मृती परत आली नाही. वाचकहो, ती येते असे मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. विणकराचाही प्रत्येक दिवस चांगला गेला असे नव्हे. काही सकाळी मन पुन्हा जड होई. परंतु आता तो उंबऱ्यावर येऊन म्हणे, "आज काही ठीक नाही," आणि दोन घरांची दारे उघडत. दोन वर्षांनी पत्नी शांतपणे वारली, तेव्हा तिच्या एका हाताशी तो होता आणि दुसऱ्या हाताशी शेजारीण होती. त्यानंतर तो पुष्कळ वर्षे जगला, आणि त्याने पुष्कळ विणले.

गल्लीने जुना दंडक मोडला आणि नवा केला. ताण्यावर एखादी जागा मोकळी दिसली, तर पहिला दोरा बांधण्यापूर्वी एकाने त्या घरी जावे. भिंतीपलीकडून विचारू नये, आत जाऊन बसावे. आणि तो परत येईपर्यंत इतरांनी थांबावे. त्या गावच्या कापडाला यामुळे थोडा उशीर होऊ लागला, आणि त्याबद्दल राजाने एकदा विचारणाही केली. तात्यांनी कारण सांगितल्यावर राजाने पुन्हा विचारले नाही.

तात्पर्य : जो चारचौघांत येईनासा होतो, त्याला नावे ठेवू नयेत, चारचौघांनी त्याच्या घरी जावे.