चार हात तांब्याची तार

"मग सही कधी करणार, काका?"

कल्पेशने हे तिसऱ्यांदा विचारलं. तायडेकाका शेंगा सोलत होते. एक दाणा खवट निघाला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

मी भरताची वाटी द्यायला गेले होते. वाटी देऊन झाली होती. पण लॅपटॉप उघडा दिसला, म्हणून जरा टेकले.

तायडेकाका आमच्या शेजारचे. हयात रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर म्हणून गेली, आता निवृत्त. गावातलं डायलिसिस केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टवर आहेत. कल्पेश भारंबे वरच्या मजल्यावरचा. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो. केंद्रासाठी त्याने हौसेने एक प्रोग्राम तयार केला होता. कोणत्या पेशंटने कोणत्या दिवशी कोणत्या मशीनवर झोपायचं, ते प्रोग्राम ठरवणार. सोमवारपासून केंद्रातल्या इंगळे सिस्टरची पाळ्यांची वही बंद होणार होती.

पण काकांनी 'तपासले' म्हणून सही केल्याशिवाय ट्रस्ट काही सुरू करत नाही.

आमचे हे मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे चार-चार तास झोपतात. त्यामुळे माझं टेकणं काही अगदीच उगाच नव्हतं.

"दाखव काय केलंस ते," काका म्हणाले.

कल्पेश सरसावला. "सगळं पद्धतशीर केलंय, काका. आधी एआयकडून प्लॅन लिहून घेतला. अकरा पानी. मग त्या प्लॅनचे तुकडे पाडले. एकेका तुकड्याचा कोड एआयने लिहिला. मग तो तपासायला टेस्ट लिहिल्या, दोनशे चौदा. मग पुन्हा सगळं दुसऱ्या एआयकडून तपासून घेतलं."

"टेस्ट कोणी लिहिल्या?"

"एआयनेच."

"आणि हा दुसरा कोण?"

"म्हणजे… तोच. दुसरी खिडकी उघडून."

मी म्हटलं, "टोपी बदलून आला असेल."

कल्पेश हसला, पण मनापासून नाही. "काकू, तसं नसतं ते."

काका अकरा पानं चाळत होते. अक्षर छापील, सुबक. शेवटचं पान खाली ठेवून त्यांनी विचारलं, "यातलं इंगळे सिस्टरना विचारून लिहिलेलं पान कोणतं?"

"त्यांना वेळ नसतो, काका. शिवाय एआयला डायलिसिसची सगळी माहिती आहे."

"असेल."

कल्पेशने बटण दाबलं. पडद्यावर एकाखाली एक हिरव्या खुणा पडत गेल्या. दोनशे चौदा. बघायला खरंच छान वाटत होतं. मी तर मनातल्या मनात सही करूनही टाकली.

काकांनी चष्मासुद्धा लावला नाही.

ते उठले आणि दाराजवळच्या खिळ्यावरून तार काढून आणली. चार हात तांब्याची तार, दोन्ही टोकांना चिमटे. आमच्या रेल्वे कॉलनीत ही तार सगळ्यांना माहीत होती. रुळांतून बारीकशी वीज खेळत असते म्हणे. गाडी आली की तिची चाकं दोन्ही रूळ जोडतात आणि मागचा सिग्नल लाल होतो. काका मोकळ्या रुळांवर ही तार आडवी टाकायचे आणि सिग्नल लाल होतो का ते बघत उभे राहायचे. पुरुष माणसं चेष्टा करायची, की तायडे चांगल्या सिग्नलला पण त्रास देतो.

तार त्यांनी कल्पेशच्या हातात दिली.

"टाक."

"कुठे?"

"ते मला काय माहीत? रूळ तुझे."

कल्पेशने माझ्याकडे पाहिलं. मी शेंगा सोलायला घेतल्या.

"चार नंबरचं मशीन कोणाचं?" काकांनी विचारलं.

"ज्यांच्या रक्तात काविळीचा विषाणू आहे त्यांचं. इतरांच्या मशीनवर त्यांना घ्यायचं नाही. प्रोग्राममध्ये तो नियम आहे, काका. हा बघा, इथे. बरोबर आहे."

"पूस."

"काय?"

"तो नियम पूस."

"चांगला चालणारा नियम कशाला पुसू?"

काका शेंगा निवडत राहिले.

कल्पेशने प्रोग्रामची नक्कल काढली, म्हणजे मूळ जागच्या जागी राहिलं, आणि नकलेतून ती ओळ पुसली. पुसताना चेहऱ्यावर म्हाताऱ्याचा हट्ट पुरवत असल्याचा भाव. मग बटण दाबलं.

हिरवी. हिरवी. हिरवी.

दोनशे चौदा.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेवढ्याच हिरव्या.

मला त्यातलं काही कळत नाही. पण तो नियम नसेल तर आमचे हे कोणाच्या मशीनवर झोपतील, एवढं कळलं. शेंगेचं टरफल हातातच राहिलं.

कल्पेश बराच वेळ खाली-वर करून काहीतरी वाचत होता. शेवटी म्हणाला, "टेस्ट प्रोग्रामलाच विचारतेय, की या पेशंटचं मशीन कोणतं… तो जे सांगेल तेच बरोबर उत्तर म्हणून धरतेय… आणि मग त्याच्याच उत्तराशी ताडून बघतेय."

"हं."

"पण काका, मूळ प्रोग्राममध्ये नियम आहे. तो चुकलेला नाही. पुसला तर तुम्ही पुसायला लावलात म्हणून."

"हो. आज मी लावला. उद्या चुकून गेला तर?"

कल्पेशने लॅपटॉप मिटला. निघताना तार टेबलावर ठेवायला गेला, तर काका म्हणाले, "घेऊन जा."

हा गुरुवार.

शुक्रवारी ह्यांना घेऊन केंद्रावर गेले तर कल्पेश इंगळे सिस्टरच्या मागे मागे फिरत होता. सिस्टर सुई टोचताना बोलत होत्या, हा भिंतीला टेकून लिहीत होता, पेनने. बॅगेतून तारेचं टोक बाहेर आलेलं.

"मला कशाची भीती वाटते विचारतोस?" सिस्टर म्हणत होत्या. "पेशंटची पाळी वहीत लागून गेलेली असते, आणि मग त्याचा रक्ताचा रिपोर्ट येतो. काल चांगला होता तो आज चार नंबरचा झाला. पण वहीत नाव जुन्याच मशीनपुढे. मी त्याला लाल गोल करते. सहा वर्षं करतेय. तुझा कॉम्प्युटर करेल गोल?"

कल्पेशचं पेन थांबलं.

"काय रे," ह्यांनी पडल्या पडल्या विचारलं, "सोमवारी सुरू होतंय ना तुझं?"

"काकांनी सही केली तर."

"म्हणजे तुझीही पाळी लागलीये."

शनिवारी संध्याकाळी कल्पेश काकांकडे गेलेला दिसला. या वेळी मी वाटी न घेताच गेले.

काकांनी मला खुर्ची सरकवली. "या वहिनी. तुमचीच वाट बघत होतो."

कल्पेशने टेबलावर दोन कागद ठेवले. हाताने लिहिलेले, खाडाखोडीचे, एका कोपऱ्यावर आयोडीनचा डाग. अकरा पानांचा पत्ता नव्हता.

"हा प्लॅन?" काकांनी विचारलं.

"हो. आधी हे लिहिलं. सिस्टरना वाचून दाखवलं. त्यांनी तीन ठिकाणी खोडलं. मग एआयला दिलं."

"म्हणजे एआयला घरी नाही बसवलंस," मी म्हटलं.

"नाही काकू. कोड त्यानेच लिहिला, आणि माझ्यापेक्षा चांगला लिहिला. फक्त टेस्टची उत्तरं त्याला विचारली नाहीत. ती सिस्टरच्या जुन्या वहीतून घेतली. लाल गोलांसकट."

"किती टेस्ट आहेत आता?" काकांनी विचारलं.

"त्रेचाळीस."

"दोनशे चौदाच्या त्रेचाळीस."

"हो. काल रात्री एकेक नियम पुसून बघितला. दोन ठिकाणी तरीही हिरवं राहिलं. त्या टेस्ट पुन्हा लिहिल्या."

काकांनी शेंगांचं ताट त्याच्याकडे सरकवलं.

कल्पेशने बटण दाबलं. त्रेचाळीस हिरव्या खुणा. काका खिडकीबाहेर बघत होते. पलीकडे यार्डात मालगाडी लागली होती.

मग त्याने नक्कल उघडली. चार नंबर मशीनचा नियम पुसला. बटण दाबलं.

हिरवी… हिरवी…

लाल.

खाली आणखी एक लाल, तिच्यापुढे सिस्टरचे शब्द जसेच्या तसे लिहिलेले: काल चांगला होता तो आज चार नंबरचा झाला.

आता काकांनी चष्मा लावला. पुढे वाकून ते त्या लाल ओळीकडे बघत राहिले. मीही बघितलं. ह्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि लवकर गेला नाही.

काकांनी खिशातून पेन काढलं, ट्रस्टचा कागद ओढला आणि सही केली.

"काका, थांबा," कल्पेश गडबडला. "पडद्यावर लाल आहे अजून. मूळ प्रोग्राम उघडतो, सगळं हिरवं दिसू दे, मग करा."

काकांनी सहीखाली तारीख घातली. कागद त्याच्याकडे दिला.

कल्पेशने बॅगेतून तार काढली, नीट गुंडाळली आणि खिळ्यावर अडकवायला दाराकडे गेला. खिळा नव्हता. भिंतीत नुसतं भोक होतं.

"काका, ही कुठे ठेवू?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

"सही माझी झाली," ते म्हणाले. "तार तुझ्याकडे राहू दे."